मुलीला शिबिराला पाठवायचं का?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे बोलणं. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी जसंच्या तसं देत आहोत.)



आज माझा विषय कर्जफेडीनंतर आणि चहाच्या आधी ठेवलाय. म्हणजे हप्त्यांवरून डोकं तापलेलं आणि चहाची वाट बघणं चालू, अशा वेळेला मला बोलायचंय. तरी दहा-पंधरा मिनिटं द्या. विषय पैशांचा नाही, पण पैशांशी त्याचा संबंध आहे, तो पुढे येईल.

आपल्या प्रभागातल्या एका गावात, नाव नको, गाईड पथकातल्या सात मुलींनी तृतीय सोपान पूर्ण केलंय. पुढची पायरी राज्य पुरस्काराची. त्यासाठी चाचणी शिबिराला जावं लागतं, घराबाहेर राहावं लागतं, आणि त्याआधी पालकांचं संमतीपत्र लागतं. सातपैकी तीन संमतीपत्रं सही होऊन आली. चार कोरी आहेत. त्या चारही घरांत आई आपल्या गटात आहे. म्हणून मी हा विषय शाळेत नाही, इथे मांडतेय.

त्या चारही घरांत मी जाऊन आले. एक मावशी म्हणाली, कापूस फुटलाय, वेचणीला एक माणूस कमी झालं तर मजुरी बाहेर जाते. दुसरी म्हणाली, माझी हरकत नाही गं, पण तिचे चुलते म्हणतात पोरीची जात, रात्री बाहेर कशाला. तिसरीने विचारलं, हे गळ्यात रुमाल बांधून शिट्ट्या वाजवून मिळतं काय? चौथी काही बोललीच नाही. तिने मला चहा दिला आणि मुलीला म्हणाली, जा, म्हशीला पाणी दाखव.

यातलं एकही बोलणं मला खोटं वाटलं नाही. म्हणून एकेकाचं उत्तर देते. पण आधी हा पुरस्कार आहे तरी काय, ते नीट सांगते, कारण गावात त्याची नीट माहितीच कुणाला नसते. शाळेला असते, ती शाळेतच राहते.

पाच ते दहा वर्षांच्या मुली बुलबुल. दहाच्या पुढे शाळेच्या वयापर्यंत गाईड. त्यानंतर पंचवीस वर्षांपर्यंत रेंजर. मुलांचं तसंच, कब, स्काऊट, रोव्हर. गाईड झाली की आधी प्रवेश, मग प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार, आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. सोपान म्हणजे पायरी. पायरी सोडून उडी मारता येत नाही, आणि प्रत्येक पायरीला काही महिने द्यावेच लागतात. पाचवी-सहावीत सुरू केलं तर दहावीच्या आसपास वरपर्यंत पोचते. नववीत आठवण झाली तर गाडी सुटलेली असते. राज्य पुरस्काराला आपल्याकडे बरेच जण राज्यपाल पुरस्कार म्हणतात. राष्ट्रपती पुरस्काराच्या प्रमाणपत्रावर देशाच्या राष्ट्रपतींची सही असते. यात रोख रक्कम नाही. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी म्हणणार नाही की ताईने सांगितलं नाही.

ही चळवळ इंग्लंडातून आली. १९०७ साली बेडन-पॉवेल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने वीस मुलगे एका बेटावर नेऊन शिबिर घेतलं, तिथून स्काऊटची सुरुवात. मुलगे, मुली नाहीत. दोन वर्षांनी, १९०९ मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा मोठा मेळावा भरला, तर तिथे काही मुली स्वतःहून गणवेशासारखे कपडे घालून हजर. बोलावलेलं कुणीच नव्हतं. आम्ही पण स्काऊट, म्हणाल्या. पुढच्या वर्षी, १९१० मध्ये, मुलींसाठी गाईड संघटना निघाली. ती बेडन-पॉवेल यांची बहीण अ‍ॅग्नेस यांनी उभी केली. मला हा प्रसंग फार आवडतो. आपल्या ग्रामसभेत पहिल्यांदा महिला जाऊन बसल्या तेव्हा बोलावलं होतं का कुणी?

भारतात मुलामुलींच्या वेगवेगळ्या संघटना होत्या. त्या स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० ला एक झाल्या आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गाईडसुद्धा त्यात आल्या. तीच आजची भारत स्काऊट्स आणि गाईड्स. आणि जगभरातल्या गाईडांची जी मोजकी जागतिक केंद्रं आहेत, त्यातलं एक आपल्या पुण्यात आहे, संगम नावाचं, १९६६ पासून. परदेशातल्या मुली तिथे येऊन राहतात. आणि आपल्या पोरीला तालुक्याच्या शिबिराला पाठवताना आपण दहा वेळा विचार करतो. बरं, ते असो.

आता तिसऱ्या मावशीचा प्रश्न, मिळतं काय.

मुली काय काय शिकतात ते मी त्यांच्याच वहीवरून सांगते. दोरीच्या गाठी. हसू नका, जनावर बांधायची, ओझं बांधायची, विहिरीत पडलेल्याला वर काढायची गाठ वेगवेगळी असते, आणि चुकीची गाठ एक तर सुटते नाहीतर आवळते. होकायंत्र आणि नकाशा. तंबू उभारणं. बिनभांड्याचा स्वयंपाक, म्हणजे तवा-पातेलं न घेता निखाऱ्यावर, मातीत, पानात गुंडाळून अन्न शिजवणं. आणि प्रथमोपचार. माझ्या मते सगळ्यात मोलाचं हेच.

समजा तुमच्या रानात कुणाला साप चावला. आपल्याकडे पहिली धाव कुठे? बांधायला दोरी, कापायला ब्लेड, आणि मग बाबाकडे. गाईड मुलीला हे शिकवलेलं असतं की कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून दोरी बांधायची नाही. माणसाला धीर द्यायचा, चावलेला भाग हलू द्यायचा नाही, काठीचा आधार देऊन स्थिर ठेवायचा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठायचा, कारण औषध तिथे आहे. भाजलं तर टूथपेस्ट किंवा शाई नाही, वाहतं साधं थंड पाणी. लेकराला जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, छोटा चहाचा चमचा बरं का. घरात बारा-तेरा वर्षांची एक जण हे जाणणारी असणं, याची किंमत मी कशात मोजू? वेचणीच्या मजुरीत तर मोजता येणार नाही.

दुसरी गोष्ट. सहा ते आठ मुलींचा एक संघ असतो, त्यांची एक नायिका. सगळ्या नायिका एकत्र बसतात त्याला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात. नाव इंग्रजी, पण काम ऐका: पुढचा कार्यक्रम काय करायचा ते ठरवणं, पथकाचा निधी कसा वापरायचा ते ठरवणं, कुणी नियम मोडला तर त्यावर बोलणं, आणि झालेलं लिहून ठेवणं. ओळखीचं वाटतं ना? आपण पस्तिशी-चाळिशीत गटात येऊन शिकलो ते. पहिल्या सभेला सहीऐवजी अंगठा करताना, प्रोसिडिंग वाचायची वेळ आली की खाली बघताना मी तुमच्यातल्या कितीतरी जणींना बघितलंय. आज त्याच बँकेच्या साहेबाला प्रश्न विचारतात. तुमची मुलगी ते तेराव्या वर्षी शिकतेय.

आणि खरी कमाई. हा शब्द तुमच्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या बऱ्याच जणींना आठवत असेल. मुलांनी स्वतः कष्टाचं काम करायचं, कुणाचं अंगण सारवून दे, भाजी विकून दे, शाळेत खाऊचा स्टॉल लाव, आणि त्यातून मिळालेले पैसे पथकाच्या निधीत जमा करायचे. गाईडच्या नियमांत काटकसर हा एक नियमच आहे. तेव्हा मी म्हणते, गटाचं बाळकडू शाळेतच मिळतंय. फक्त एक नजर ठेवा. कुठेकुठे असं होतं की खरी कमाईचं काम पोरगी करत नाही, वडिलांकडून पन्नास रुपये घेऊन शाळेत भरते. ती कमाई वडिलांची. तुम्ही पैसे देऊ नका, काम द्या.

आता प्रमाणपत्राचे फायदे. इथे मी जरा सांभाळून बोलणार, कारण गावात याबद्दल फार गप्पा आहेत.

दहावीच्या परीक्षेत वाढीव गुणांची सवलत आहे, जशी खेळाडूंना, चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्यांना असते. कोणत्या प्रमाणपत्राला किती गुण हे शासन निर्णयाप्रमाणे ठरतं आणि त्यात बदल होत असतात. प्रस्ताव शाळेतून वेळेत जावा लागतो. दहावीचे फॉर्म भरायच्या दिवसांत मुख्याध्यापकांना तुम्ही स्वतः विचारा. मुलगी लाजते, आणि शाळेत इतकी कामं असतात की राहून जातं.

नोकरीचं म्हणाल तर रेल्वेत स्काऊट-गाईड कोटा खरोखर आहे. वेगवेगळ्या विभागांच्या रेल्वे त्याची जाहिरात काढतात. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळालेली स्काऊट, गाईड, रेंजर, रोव्हर यापैकी कुणी लागतं, किंवा हिमालयन वुड बॅज हे मोठ्यांचं प्रशिक्षण झालेलं. नुसता पुरस्कार पुरत नाही. गेली पाच वर्षं सक्रिय सदस्य असल्याचा दाखला लागतो, राष्ट्रीय पातळीवरचे दोन आणि राज्य पातळीवरचे दोन कार्यक्रम केलेले लागतात. शिक्षणाची अट वेगळी. लेखी परीक्षा ६० गुणांची आणि प्रमाणपत्रांना ४० गुण. आणि जागा? एका रेल्वेत अगदी मोजक्या. म्हणजे पुरस्कार मिळाला की नोकरी, असं नाही. पण जिच्याकडे तो नाही तिला त्या रांगेत उभंही राहता येत नाही.

यावरून एक महत्त्वाचं. कुणी येऊन म्हणालं, इतके हजार द्या, राष्ट्रपती पुरस्काराचं प्रमाणपत्र मिळवून देतो, रेल्वेत चिकटवतो, तर त्याला दारातूनच परत पाठवा. सोपानाच्या नोंदी, शिबिरं, चाचण्या यांशिवाय हा पुरस्कार होत नाही. गटातून अंतर्गत कर्ज घेऊन असल्या माणसाला पैसे दिले, असं मला आपल्या प्रभागात ऐकायचं नाहीये.

माझं स्वतःचं सांगते. मी राज्य पुरस्कारापर्यंत गेले. दहावीनंतर तालुक्याला कॉलेज, तिथे रेंजरचं पथकच नव्हतं, त्यामुळे पुढचं राहिलं. मला त्या प्रमाणपत्रावर कुणी नोकरी दिली नाही. पण समाजकार्याच्या प्रवेशाच्या मुलाखतीत विचारलं की, माणसं जमवून काही काम केलंय का. बाकीच्या मुली गप्प. मला सांगता आलं, आम्ही गावात घराघरांत शोषखड्ड्यांसाठी फिरलो होतो, कुणी हाकललं, कुणी पाणी दिलं, शेवटी किती खड्डे झाले. ते सगळं माझ्या वहीत तारखेसह होतं. मुलाखतीत मला सर्वांत जास्त वेळ त्याच वहीवर विचारलं. नंतर तुमच्याकडे आले तेव्हा पहिल्या सभेत पन्नास बायकांपुढे उभं राहायला पाय कापले नाहीत, त्याचं कारणही तेच.

आता पहिल्या मावशीकडे येते, वेचणी. मावशी, ही अडचण खरी आहे, आणि भाषण करून ती सुटत नाही. पण मी तुमच्याच गटाच्या सदस्यांशी बोलले. सावड आपल्याला नवीन नाही. शिबिराचे चार-पाच दिवस गटातल्या तिघी-चौघी एकेक दिवस तुमच्या रानात येतील, आणि तुम्ही नंतर त्यांच्याकडे जाल. गटाच्या बैठकीत हे लिहून घ्या म्हणजे कुणाचं राहणार नाही. गणवेश आणि प्रवासाच्या खर्चाचं म्हणाल तर गटाचं अंतर्गत कर्ज त्यासाठीही घेता येतं. शिक्षणाचं कारण आपण नेहमीच मान्य करतो. हे शिक्षणच आहे. पण आधी शाळेकडे विचारा, काही ठिकाणी जुना गणवेश पुढच्या मुलींना देतात.

दुसऱ्या मावशीचे दीर म्हणतात, रात्री बाहेर कशाला. हा प्रश्न विचारायलाच हवा. उलट मी म्हणते, ज्या आईला हा प्रश्न पडत नाही तिची मला काळजी वाटते. तेव्हा सही करण्याआधी शाळेत जाऊन विचारा: मुलींसोबत गाईड कॅप्टन बाई कोण आहेत, त्यांचा फोन नंबर द्या. राहायची जागा मुलांपेक्षा वेगळी आहे का. संडास-न्हाणीघर कुठे, रात्री दिवा आहे का. पाळी आली तर सोय काय. येणं-जाणं कोणत्या गाडीने, परत कोण आणून सोडणार. मुलींच्या पथकाची जबाबदारी बाईंवर असते, ही पद्धतच आहे, पण पद्धत आहे म्हणून विसंबायचं नाही, विचारायचं. उत्तर नीट मिळालं तर दिरांनाही तेच सांगा. आणि जमलं तर गटातल्या दोघी जणी शिबिराच्या जागी एक चक्कर मारून या. पालक येऊन बघतात यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

आणि मुलीलाही घरातून निघायच्या आधी सांगा की कुणाचं वागणं विचित्र वाटलं तर लगेच बाईंना सांग, आणि मला फोन कर, मी तुला रागावणार नाही. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. चाइल्डलाइनचा १०९८ नंबरही तिला पाठ असू दे.

चौथी मावशी, जी काही बोलली नाही. तिच्याबद्दल मी इथे जास्त बोलणार नाही. एवढंच म्हणते की पंधरा-सोळाव्या वर्षी मुलगी ज्या घरात गप्प असते, तिथे बऱ्याचदा स्थळ बघणं चालू असतं. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे हे आपण ठरावात लिहितो, भिंतीवरही रंगवतो. पण नुसतं नको म्हणून स्थळ थांबत नाही. घरात दाखवायला काहीतरी पुढचं असावं लागतं. राज्य पुरस्काराचं शिबिर झालं, आता राष्ट्रपतीची तयारी चालू आहे, मग अकरावी, मग रेंजर. म्हाताऱ्या माणसांना, भावकीला हे सांगता येतं. मी तीन वर्षांत दोन घरांत हे बघितलंय की या एका कारणावर विषय वर्षभर पुढे गेला. वर्षभर पुढे गेला तेवढ्यात मुलगी बारावी झाली.

ज्यांच्या शाळेत गाईड पथकच नाही त्यांनी हात वर केले होते, सहा-सात जणी दिसल्या. तुमच्यासाठी मार्ग असा आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात, असा शिक्षण हक्काच्या कायद्यात नियम आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणींची नावं त्या समितीत आहेत, फक्त सहीपुरती. पुढच्या बैठकीत विषय मांडा. एका शिक्षिकेला प्रशिक्षणाला पाठवावं लागतं, मग जिल्हा संस्थेकडे पथकाची नोंदणी होते. जिल्ह्याला गाईड संघटक असतात, त्यांना भेटायला मी सोबत येईन. शिक्षिकांवर आधीच कामाचा बोजा आहे, हे लक्षात ठेवून बोला. अंगावर ढकललेलं पथक सहा महिन्यांत बंद पडतं. ज्या बाईंना आवड आहे त्यांनाच विचारा, आणि शनिवारी दोन तास गटातल्या दोघींनी मदतीला जायची तयारी दाखवा. गाठी तुम्हाला येतातच, चूल पेटवणं तर त्यांनीच तुमच्याकडून शिकावं.

मोठ्या मुलींचं काय, असं मघाशी कुणीतरी मागून विचारलं. कॉलेजात रेंजर पथक असेल तर पंचवीसपर्यंत वेळ आहे, आणि राष्ट्रपती पुरस्कार रेंजरलाही असतो. नसेल तर एनएसएस बघा. ते वेगळं आहे, त्याबद्दल पुन्हा कधीतरी बोलू.

आता कामाचं. संमतीपत्रं शाळेत द्यायची मुदत या शनिवारपर्यंत आहे. त्या चार घरांत मी शुक्रवारी संध्याकाळी येतेय, वेचणीवरून माणसं परतल्यावर, म्हणजे चुलते, दीर, आजी सगळे भेटतील. त्या गावच्या ग्रामसंघाच्या अध्यक्ष ताई सोबत येणार आहेत. ज्या तीन घरांनी सही केलीय त्यातली एक आईही येते म्हणालीय. तिचं बोलणं माझ्यापेक्षा जास्त ऐकतील. सावडीला कोण कोण जाणार, कोणत्या दिवशी, याची यादी त्या गटाच्या सचिव ताईंनी आज चहा पितानाच करावी. आणि बाकीच्या गावांनी पुढच्या मासिक सभेला येताना आपल्या शाळेत पथक आहे का, किती मुली कोणत्या सोपानावर आहेत, एवढं कागदावर लिहून आणा.

चहा आलाय.